व्हीएमचं नेट मधीच जायलंय? काही बदलण्याआधी या क्रमाने तपासा

"सर, व्हीएमचं नेट मधीच जायलंय. रीस्टार्ट केलं की येतंय." जालन्यापासून उदगीरपर्यंत कुठून ना कुठून हा फोन येतच असतो. (व्हीएम म्हणजे एका खऱ्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअरने चालवलेला आभासी कॉम्प्युटर.) मी पहिला प्रश्न एकच विचारतो: नेमकं किती वाजता गेलं? त्याचं उत्तर सहसा मिळत नाही. त्याऐवजी ऐकायला मिळतं, "कार्ड बदलून पाहिलं, ब्रिजचं नॅट केलं, डीएनएस बदललं, फायरवॉलही बंद केली." चार गोष्टी एकदम बदलल्या, त्यातली कुठली लागू पडली ते कुणालाच ठाऊक नाही, आणि आठवड्याने पुन्हा तोच फोन.

कायमचं बंद पडलेलं नेट शोधायला सोपं असतं. जातं-येतं नेट अवघड, कारण तुम्ही पाहायला बसता तेव्हा ते नीट चालतं. म्हणून इथे दुरुस्तीपेक्षा नोंदीला जास्त जागा दिली आहे. एक किंवा दोन होस्ट (व्हीएम ज्यावर चालतात ती खरी मशीन), त्यावर पाच-दहा व्हीएम, असा सेटअप मी गृहीत धरला आहे. पतसंस्था, जिनिंग, कोचिंग क्लास, कॉलेजची लॅब, सगळीकडे साधारण हेच असतं. व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर प्रॉक्समॉक्स, हायपर-व्ही, व्हीएमवेअर किंवा व्हर्च्युअलबॉक्स, काहीही असलं तरी क्रम बदलत नाही.

## टप्पा १: हात लावण्याआधीची तयारी

घड्याळं जुळवा. होस्ट, गेस्ट (म्हणजे व्हीएम) आणि राउटर या तिघांची वेळ एक नसेल तर पुढचं सगळं वाया जातं. लिनक्स गेस्ट बऱ्याचदा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतो आणि होस्ट भारतीय वेळेवर. मग गेस्टच्या लॉगमधले सकाळचे ९:१० म्हणजे होस्टवरचे दुपारचे २:४० असतात. हे साडेपाच तास लक्षात न घेता "दोन्ही लॉगमध्ये एका वेळी काहीच सापडत नाही" असं म्हणणारे मी बरेच पाहिलेत.

कॉन्सोल चालतो का ते पाहा. रिमोट डेस्कटॉप किंवा एसएसएचवरून (नेटवरून कमांड चालवायची जोडणी) नेटवर्क दुरुस्त करायला बसू नका. ज्या फांदीवर बसलात तीच तोडायचा प्रकार आहे तो. होस्टच्या स्क्रीनवरून किंवा त्याच्या वेब पॅनेलवरून व्हीएमच्या कॉन्सोलमध्ये लॉगिन होतंय, पासवर्ड आठवतोय, एवढी खात्री आधीच करून घ्या.

एका कागदावर प्रत्येक व्हीएमचं नाव, आयपी, मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळख-क्रमांक), तो आयपी हाताने दिलाय की डीएचसीपीने (राउटरने आपोआप वाटलेला) आलाय, आणि कार्ड ब्रिजवर (थेट नेटवर्कवर, स्वतःच्या पत्त्याने) आहे की नॅटवर (होस्टच्या पत्त्याआड), हे लिहा. हा तक्ता करतानाच निम्मे दोष सापडतात, असा माझा अनुभव आहे. राउटरच्या डीएचसीपीची रेंज कुठून कुठपर्यंत आहे तेही त्याच कागदावर टिपा. टप्पा ५ मध्ये लागेल.

इशारा: नेट गेल्यावर लगेच रीस्टार्ट करू नका. आधी दोन मिनिटं काढून गेस्टमधला आयपी, राउटिंग टेबल (पॅकेटने कुठल्या वाटेने जावं याची यादी), एआरपी टेबल (कुठला आयपी कुठल्या मॅककडे याची यादी) आणि लॉगच्या शेवटच्या पन्नास ओळी फाइलमध्ये उतरवून घ्या. रीस्टार्टने नेट येतं खरं, पण चोर पळून जातो.

## टप्पा २: चार ठिकाणी पिंग, एकाच वेळी

पिंग म्हणजे दुसऱ्या मशीनला हाक मारून उत्तर येतंय का आणि किती वेळात, ते पाहणारी कमांड. एक पिंग लावून काहीच कळत नाही. चार लावा, आणि प्रत्येक ओळीपुढे वेळ छापली जाईल असं करा. लिनक्सच्या पिंगमध्ये त्यासाठी पर्याय आहे. विंडोजमध्ये नाही, तिथे पॉवरशेलमध्ये छोटा लूप लिहावा लागतो. उत्तरं फाइलमध्ये जाऊ द्या आणि किमान एक पूर्ण दिवस चालू ठेवा.

1. होस्टवरून राउटरला.
2. त्रास देणाऱ्या गेस्टवरून राउटरला.
3. त्याच होस्टवरच्या दुसऱ्या, नीट चालणाऱ्या गेस्टवरून राउटरला.
4. केबलने जोडलेल्या वेगळ्या पीसीवरून त्रास देणाऱ्या गेस्टला.

यात इंटरनेटला पिंग नाही, ते मुद्दामच. राउटरपर्यंतचा रस्ता साफ आहे हे कळल्याशिवाय बाहेरचं बघून उपयोग नाही. नंतर हवं तर गूगलच्या ८.८.८.८ ला एक पाचवा पिंग जोडा.

## टप्पा ३: पिंग वाचायचा कसा

होस्टचाच पिंग तुटत असेल तर व्हीएमला दोष देणं थांबवा. केबल, स्विच, राउटर किंवा वीज. थेट टप्पा ४.

होस्ट ठीक, पण त्यावरचे सगळे गेस्ट एकाच क्षणी तुटतात? मग दोष मधल्या थरात आहे. व्हर्च्युअल स्विच, होस्टच्या कार्डाचं ऑफलोड (पॅकेटचं काम सीपीयूऐवजी कार्डाने करणं), किंवा बाहेरच्या स्विचच्या एका पोर्टवर किती मॅक चालतील याची कोणी घातलेली मर्यादा.

एकच गेस्ट तुटतो, बाकीचे ठीक? मग त्याचा पत्ता किंवा त्याचा ड्रायव्हर.

पिंग एकदाही तुटला नाही, तरी लोक म्हणतात नेट जातंय? मग नावाने पिंग करून पाहा. आकड्याने जातो आणि नावाने जात नाही, तर ते डीएनएस (नावावरून आयपी शोधून देणारी सेवा) आहे. "नेट गेलं" म्हणून माझ्याकडे आलेल्या बऱ्याच तक्रारी शेवटी डीएनएसच्या निघाल्या.

आणि एक खूण नीट ओळखायला शिका. बाहेरून गेस्टला पिंग चालू आहे, मधे चार-पाच सेकंद शांतता, आणि मग एकदम उत्तरं येतात: ४००० मिलिसेकंद, ३०००, २०००, १०००, आणि पुन्हा १. म्हणजे पॅकेट हरवलं नव्हतं, रांगेत उभं होतं. नेट गेलं नाही, व्हीएम श्वास धरून बसली होती. असं दिसलं तर नेटवर्कच्या सेटिंगला हात न लावता टप्पा ८ वर जा.

तपासणी: पिंग तुटायच्या वेळांकडे एकदा सलग पाहा. ठरावीक तासांनी जात असेल तर डीएचसीपी लीज, म्हणजे मिळालेला आयपी वापरायची मुदत. क्लायंट लीजचा निम्मा वेळ संपला की नूतनीकरण मागतो, म्हणजे २४ तासांची लीज असेल तर १२ तासांनी. रोज रात्री एकाच वेळी जात असेल तर बॅकअप. एखादी दुसरी मशीन चालू झाली की जात असेल तर पत्त्यांची टक्कर. आणि पिंग चालू असताना फक्त रिकामं पडलेलं एसएसएच सेशन ठरावीक मिनिटांनी गोठत असेल, तर मधला फायरवॉल किंवा नॅट ते कनेक्शन विसरतोय. त्यावर एसएसएचमध्ये दर ६० सेकंदांनी कीप-अलाइव्ह (जोडणी जिवंत ठेवणारा छोटा संदेश) लावणं पुरतं.

## टप्पा ४: वीज, केबल, स्विच

पुण्या-मुंबईतल्या लेखांत हा टप्पा सापडणार नाही. आपल्याकडे तो आधी घ्यावा लागतो.

होस्टच्या लॉगमध्ये लिंक डाउन आणि लिंक अप या ओळी शोधा. त्यांच्या वेळा पिंगच्या फाइलशी जुळल्या तर प्रश्न तारेचा किंवा विजेचा. नेहमीचं चित्र असं: सर्व्हर चांगल्या यूपीएसवर, आणि त्याला जोडलेला आठ पोर्टचा स्विच मात्र भिंतीतल्या साध्या सॉकेटवर. लाइट डोळा मिचकावावा तेवढी गेली तरी स्विच रीस्टार्ट होतो. होस्ट चालूच राहतो, म्हणून कुणाला विजेची शंका येत नाही.

त्यात स्विचवर किंवा लिनक्स ब्रिजवर एसटीपी (पॅकेट नेटवर्कमध्ये गोल फिरू नयेत म्हणूनची सोय) चालू असेल, तर लिंक आल्यावरही पोर्ट लगेच उघडत नाही. ऐकण्याचे १५ आणि शिकण्याचे १५ सेकंद धरले तर एका सेकंदाच्या झटक्याचं अर्धं मिनिट होतं. ब्रिज एकाच केबलने बाहेर जोडलेला असेल आणि लूप होण्याची शक्यता नसेल, तर ब्रिजवरचं एसटीपी बंद ठेवा आणि त्याचा फॉरवर्ड डिले शून्य करा. बाहेरच्या मॅनेज्ड स्विचवर होस्टचा पोर्ट एज पोर्ट (ही वाट न पाहता लगेच उघडणारा) म्हणून नेमा.

घरगुती इन्व्हर्टरवर सेटअप असेल तर त्याच्या मागचं मोड बदलायचं छोटं बटण पाहा. यूपीएस मोडमध्ये बदल झटकन होतो, साध्या किंवा इको मोडमध्ये हळू. पण व्होल्टेज सतत खाली असलेल्या गावात यूपीएस मोड लावला तर इन्व्हर्टर सारखा बॅटरीवर उडी मारतो. तिथे नेटवर्क स्विच, राउटर आणि ओएनटी (फायबर ज्याला जोडतात तो डबा) या तिघांना छोटा वेगळा डीसी यूपीएस देणं बरं.

एका कार्यालयात मी दोन फेऱ्या वाया घालवल्या. दुपारी अकरा ते पाच नेट जायचं, संध्याकाळी नाही. व्हीएमवर लोड असेल असं समजून मी सीपीयू बघत बसलो. शेवटी तिथल्या शिपाईमामांनी दाखवलं: नेटवर्क स्विच आणि कूलर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर होते. उन्हाळ्यात अकराला कूलर सुरू, पाचला बंद, आणि मधे कुणी बटण फिरवलं की बोर्डातली सैल पिन ठिणगी टाकायची. तेव्हापासून मी आधी जमिनीवर बसून बोर्ड बघतो.

तपासणी: केबल बदलायची तर क्रिम्प केलेली जुनी काढून कारखान्यातली तयार पॅच कॉर्ड लावा. होस्टचं कार्ड १००० वर जोडलंय की १०० वर, ते पाहा. गिगाबिट कार्ड १०० वर आलं असेल तर बहुधा आठातली एखादी तार गेलेली असते.

## टप्पा ५: एकाच पत्त्याचे दोन धनी

एकच गेस्ट तुटत असेल तर माझा पहिला संशय इथे असतो. टकरीचे तीन प्रकार आहेत आणि लोक तिन्हींची सरमिसळ करतात.

आयपीची टक्कर. सर्व्हरला हाताने १९२.१६८.१.१०० दिला, आणि राउटरची डीएचसीपी रेंज २ पासून २५४ पर्यंत पसरलेली. राउटर तोच पत्ता कुणाच्या तरी मोबाइलला देऊन टाकतो. लाइट जाऊन आल्यावर सगळं एकदम सुरू होतं तेव्हा हा घोळ हमखास होतो. कॅमेरे बसवणाऱ्यांनी डीव्हीआरला मनाने दिलेला पत्ता, हा या प्रकरणातला जुना आरोपी.

ओळखायची सोपी रीत: ती व्हीएम पूर्ण बंद करा आणि दुसऱ्या पीसीवरून तिच्या आयपीला पिंग करा. उत्तर आलं तर घरात दुसरा धनी आहे. लगेच एआरपी टेबल पाहा, त्यात त्याचा मॅक मिळेल. उपाय म्हणजे राउटरची रेंज आखडणं, उदाहरणार्थ १०० ते २००, आणि हाताने दिलेले सगळे पत्ते त्या रेंजच्या बाहेर ठेवणं.

मॅकची टक्कर. व्हीएमची फोल्डर कॉपी करून दुसरी व्हीएम बनवली की मॅकही तोच येऊ शकतो. मग स्विचला कळत नाही हा पत्ता कुठल्या पोर्टवर आहे. शेवटचं पॅकेट ज्या बाजूने आलं, तिकडे तो सगळं पाठवतो. दोन्ही व्हीएम अर्ध्या-अर्ध्या चालतात. कॉपी करताना व्हर्च्युअलबॉक्समध्ये सगळ्या अडॅप्टरसाठी नवे मॅक बनवण्याचा पर्याय निवडा. व्हीएमवेअरने "हलवली की कॉपी केली" असं विचारलं तर कॉपी म्हणा. मॅकचे पहिले तीन आकडे ०८:००:२७ असतील तर ती बहुधा व्हर्च्युअलबॉक्सची मशीन, ५२:५४:०० असतील तर केव्हीएमची (प्रॉक्समॉक्स आतून हेच वापरतं). स्विचच्या टेबलात अनोळखी मॅक दिसला तर यावरून माग काढता येतो.

मशीन-आयडीची (लिनक्स स्वतःसाठी बनवतं त्या ओळख-क्रमांकाची) टक्कर. ही कुणाला माहीत नसते. उबुंटू सर्व्हरचा टेम्प्लेट (नमुना व्हीएम) बनवला, त्यातून चार क्लोन (हुबेहूब प्रती) काढले, प्रत्येकाचा मॅक वेगळा आहे हे तपासलंही, तरी दोघांना एकच आयपी मिळतो. कारण नेटप्लॅनच्या (उबुंटूतली नेटवर्क सेटिंगची सोय) मागे चालणारा सिस्टमडी-नेटवर्कडी डीएचसीपीला मॅकऐवजी मशीन-आयडीवरून बनवलेली ओळख देतो, आणि क्लोनमध्ये मशीन-आयडी तोच राहिलेला असतो. डीएचसीपी सर्व्हरला वाटतं एकच ग्राहक पुन्हा आलाय. टेम्प्लेट बंद करण्याआधी ईटीसी फोल्डरमधली मशीन-आयडी फाइल रिकामी करा. पुसून टाकू नका, रिकामी ठेवा. क्लोन पहिल्यांदा सुरू होताना नवी ओळख तयार करतो. नाहीतर नेटप्लॅनमध्ये डीएचसीपीची ओळख मॅकवर ठेवा.

तपासणी: गेस्टचा आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल तर टक्कर शोधू नका. त्याला डीएचसीपीकडून उत्तरच मिळालेलं नाही.

## टप्पा ६: लॅपटॉपच्या वाय-फायवर ब्रिज

लॅबमधल्या मुलांसाठी हा टप्पा. वाय-फायचा अॅक्सेस पॉइंट एका जोडणीमागे एकच मॅक ओळखतो, तुमच्या लॅपटॉपचा. त्यामागून व्हीएमचा वेगळा मॅक आला तर तो स्वीकारत नाही. व्हर्च्युअलबॉक्ससारखी सॉफ्टवेअर मधल्यामधे मॅक बदलून काम भागवतात, पण ते जुगाडच आहे. कधी चालतं, कधी डीएचसीपी अडतं, राउटर बदलला की पुन्हा अडतं. वाय-फायवर असाल तर नॅट वापरा आणि बाहेरून यायचं असेल तर पोर्ट फॉरवर्ड करा. ब्रिज हवाच असेल तर केबल लावा. यावर तास घालवू नका.

## टप्पा ७: ड्रायव्हर, ऑफलोड, पॉवर सेव्हिंग

आधी बिनखर्चाचं. विंडोज होस्टवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबमध्ये "वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या" अशा अर्थाची खूण असते, ती काढा. कार्डाच्या अॅडव्हान्स्ड यादीत ग्रीन इथरनेट किंवा एनर्जी एफिशियंट इथरनेट असेल तर बंद करा. यूएसबी-लॅन डोंगल असेल तर यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंडही बंद.

मग गेस्टमधलं कार्ड. केव्हीएम आणि प्रॉक्समॉक्सवर व्हर्टआयओ वापरा, व्हीएमवेअरवर व्हीएमएक्सनेट-३. ई-१००० हे जुन्या कार्डाची नक्कल आहे, इन्स्टॉल करताना सोयीचं, रोजच्या लोडला नाही. विंडोज गेस्टला व्हर्टआयओचे ड्रायव्हर आधी घाला, मग कार्ड बदला.

इशारा: कार्डाचा प्रकार बदलला की विंडोज त्याला नवं कार्ड समजतं. जुनं लपलेलं कार्ड हाताने दिलेला आयपी धरून बसतं आणि नव्याला तोच द्यायला गेलं की विंडोज तक्रार करतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवून जुनं काढून टाका. लिनक्समध्ये इंटरफेसचं नाव बदलू शकतं, मग कॉन्फिग फाइल जुन्याच नावाला लागू राहते. टप्पा १ मध्ये कॉन्सोल तपासायला सांगितला होता तो यासाठी.

सगळे गेस्ट एकदम तुटतात आणि होस्टवर इंटेलचं ई-१०००ई ड्रायव्हरचं कार्ड आहे? लॉगमध्ये "हार्डवेअर युनिट हँग" शोधा. मिळालं तर इथटूलने (लिनक्सची कार्ड-सेटिंगची कमांड) त्या कार्डाचं टीएसओ आणि जीएसओ (ऑफलोडचे दोन प्रकार) बंद करून पाहा. ही सेटिंग होस्ट रीस्टार्ट झाला की उडते, म्हणून गुण आला तर नेटवर्क कॉन्फिगमध्ये कायमची लिहा. नाहीतर पुढची लाइट गेली की फोन माझ्याकडे. हायपर-व्हीवर काही १ गिगाबिट कार्डांना व्हीएमक्यू (प्रत्येक व्हीएमची पॅकेटं कार्डानेच वेगळी करण्याची सोय) झेपत नाही. ते बंद करून बघणं हा तिथला ठरलेला उपाय आहे.

होस्ट स्वतः नॅट करत असेल आणि वर बरेच गेस्ट असतील, तर कर्नल लॉगमध्ये कनट्रॅक टेबल (चालू कनेक्शनांची यादी) भरल्याची ओळ आहे का तेही बघून घ्या. टेबल भरलं की नवी कनेक्शनं गळतात, चालू असलेली चालतात. त्यामुळे एकाचं नेट चालतं, शेजारच्याचं नाही.

## टप्पा ८: नेट नाही, मशीनच थांबते

टप्पा ३ मधली ४०००, ३०००, २०००, १००० ची उतरण दिसली असेल तर इथे या. लिनक्स गेस्टमध्ये टॉप लावा आणि सीपीयूच्या ओळीतला एसटी हा आकडा बघा. तो चढत असेल तर गेस्टला सीपीयू हवाय आणि होस्ट देत नाही. चार कोरच्या होस्टवर चार-चार कोरच्या पाच व्हीएम टाकल्या की असंच होणार. कोर वाढवून उपयोग नाही, कमी करा.

होस्टची रॅम संपून स्वॅप (रॅमऐवजी डिस्क वापरणं) सुरू झाला असेल तरी हीच उतरण दिसते. हार्ड डिस्क जुनी, त्यावर रात्रीचा बॅकअप, त्यात स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणीची जपलेली स्थिती) घेताना आणि पुसताना व्हीएम काही क्षण गोठते. जुना, महिनोन्‌महिने वाढलेला स्नॅपशॉट पुसताना हे क्षण लांबतात. बॅकअपची वेळ आणि तक्रारीची वेळ शेजारी ठेवा, कळेल.

## टप्पा ९: लहान जातं, मोठं अडकतं

पिंग उत्तम, पण फाइल अर्ध्यावर अडकते किंवा काही साइट उघडतच नाहीत. मग एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, तपासा. पिंगचा आकार १४७२ ठेवा आणि पॅकेटचे तुकडे करायला मनाई करा. त्यात २८ बाइटांचे हेडर मिळवले की १५०० होतात. राउटरपर्यंत हे गेलं पाहिजे. पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने लागणाऱ्या) जोडणीवर बाहेर मात्र १४६४ च जाईल, कारण तिथली मर्यादा १४९२ आहे, आणि तो दोष नव्हे. व्हीएमच्या मधे व्हीपीएन किंवा व्हीएक्सलॅन (एका नेटवर्कच्या आतून चालवलेलं दुसरं आभासी नेटवर्क) असेल तर गेस्टचा एमटीयू १४५० किंवा त्याहून कमी करून पाहा.

## टप्पा १०: एक बदल, मग थांबा

आता बदल करा. एकच. वहीत तारीख, वेळ, जुनी सेटिंग, नवी सेटिंग लिहा. नेट आधी रोज एकदा जात होतं तर किमान चार-पाच दिवस थांबा. दोन दिवसांतून एकदा जात होतं तर दहा दिवस. दुपारी बदल करून संध्याकाळी "झालं सर" असा मेसेज पाठवणाऱ्यांचा फोन मला तिसऱ्या दिवशी येतोच.

गुण आला नाही तर बदल मागे घ्या, मगच पुढचा करा. हे सर्वांत जास्त चुकतं. फसलेले बदल तसेच राहतात, सहा महिन्यांनी त्या होस्टवर काय चालू आणि काय बंद, हे कुणालाच सांगता येत नाही, आणि खरा दोष त्या ढिगाखाली जातो.

## टप्पा ११: दोष राउटरच्या पलीकडे असेल तर

टप्पा २ मधले आतले चारही पिंग स्वच्छ आणि पाचवा, बाहेरचा, तुटतोय? मग चेंडू नेट देणाऱ्याकडे. रस्ता खोदताना जेसीबीने फायबर ताणली असेल, खांबावरचा जॉइंट सैल असेल, तुम्हाला घरात बसून दिसणार नाही. तक्रार करताना "नेट स्लो आहे" म्हणू नका. किती वाजता, किती सेकंद, किती वेळा, याचा तीन दिवसांचा तक्ता द्या. ओएनटीवरचा लाल दिवा लागला होता का तेही लिहा, जमलं तर फोटो काढा.

आणि तो तक्ता केबलने राउटरला जोडलेल्या साध्या पीसीवरचा द्या, गेस्टवरचा नको. व्हीएम हा शब्द कानावर पडला की समोरचा "आधी ते बंद करून बघा" म्हणतो आणि तक्रार तिथेच मिटवतो.